उकळी आली म्हणजे झालं नाही: घरच्या स्वयंपाकघरातली अन्नसुरक्षा, पायरी-पायरीने

स्वयंपाक नव्याने शिकणाऱ्याला मीठ किती, शिट्ट्या किती, फोडणी कधी हे सगळे सांगतात. उरलेला भात किती वाजेपर्यंत फ्रिजमध्ये गेला पाहिजे, हे सहसा कोणी सांगत नाही. आणि घरच्या जेवणातून होणाऱ्या विषबाधेचं मूळ बरेचदा तिथेच असतं. आच लागते तोवर अन्नातले जंतू मरत असतात. गॅस बंद झाला की ते पुन्हा वाढायला लागतात. म्हणून या लेखात शिजवण्यापेक्षा शिजवल्यानंतरच्या वेळेवर जास्त भर आहे. एकटे राहून नुकते स्वयंपाक करू लागलेले, घरात लहान मूल, गरोदर बाई किंवा आजारी वडीलधारं माणूस असलेले, किंवा घरून डबे द्यायचा विचार करणारे, अशा सगळ्यांना हा क्रम लागू आहे.

दोन आकडे आधी पाठ करा: ५ आणि ६०. ५ अंश सेल्सिअसच्या खाली बहुतेक जंतूंची वाढ मंदावते, ६० च्या वर थांबते. मधला सगळा पट्टा धोक्याचा. या पट्ट्यात सोयीचं तापमान मिळालं तर काही जीवाणू दर २० मिनिटांनी दुप्पट होतात. म्हणजे एकाचे ४ तासांत ४,०९६ आणि ७ तासांत २० लाखांच्या वर. रात्री दहाला ओट्यावर राहिलेलं पातेलं सकाळी पाचला उघडलं, तर मध्ये तेवढेच ७ तास गेलेले असतात.

१. आधी ही जमवाजमव करा

- अन्नात खुपसायचा डिजिटल थर्मामीटर. ताप मोजायचा चालत नाही. सगळ्या यादीत एकच वस्तू घेणार असाल तर ही घ्या.
- फ्रिजमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर.
- दोन चॉपिंग बोर्ड आणि दोन सुऱ्या, वेगवेगळ्या रंगांच्या. एक जोडी फक्त कच्च्या मांस-मासळीसाठी.
- ५ ते ७ सेंटिमीटर उंचीचे उथळ, पसरट स्टीलचे डबे आणि एक मोठी परात.
- सुती फडकी, निदान ६-७. हात पुसायचा नॅपकिन वेगळा.
- सुगंध न मिसळलेलं सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे क्लोरीनचं द्रव ब्लीच. बाटलीवर टक्केवारी छापलेली असेल तेच घ्या. खाली दिलेली मापं ५ टक्क्यांची आहेत.
- डब्यांवर तारीख-वेळ लिहायला चिकटपट्टी आणि मार्कर.

थर्मामीटर आणल्या आणल्या तपासा. ग्लासभर बर्फाच्या चुऱ्यात थोडं थंड पाणी घाला, मिनिटभर ढवळा आणि टोक मध्यभागी धरा. आकडा ० च्या आसपास, एखाद्या अंशाच्या फरकाने यायला हवा. उकळत्या पाण्यात तपासणार असाल तर गावाची उंची लक्षात घ्या. मुंबईत पाणी १०० अंशांना उकळतं, पुण्यात साधारण ९८ ला, महाबळेश्वरला ९५-९६ ला. पुण्यात ९८ दिसले म्हणून थर्मामीटर बिघडलेला नसतो.

२. हात, फडकं, घासणी

साबणाने २० सेकंद: तळवे, हाताची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं. कच्चं मांस, मासे किंवा अंडी हाताळल्यावर, नाकाला-केसांना हात लागल्यावर, कचऱ्याचा डबा उघडल्यावर आणि मोबाइल हाताळल्यावर पुन्हा धुवायचे. रेसिपीचा व्हिडिओ पाहत कणीक मळणाऱ्यांनी शेवटचा मुद्दा जरा मनावर घ्यावा.

बोटाला कापलं असेल, गळू असेल तर पाणी न शिरणारी पट्टी लावा आणि वर हातमोजा घाला. जखमेत आणि नाकात राहणारा स्टॅफिलोकोकस हा जीवाणू अन्नात वाढला की विष सोडतो, आणि ते विष उकळूनही जात नाही. मळून ठेवलेलं पुरण, हाताने कालवलेली कोशिंबीर, कुस्करलेलं पनीर असे शिजल्यानंतर हात लागणारे पदार्थ इथे जास्त जोखमीचे.

फडक्याबद्दल स्पष्टच सांगायचं तर बहुतेक घरांतली सगळ्यात अस्वच्छ वस्तू तीच असते. ओटा पुसलेल्या फडक्याने ताट पुसायचं नाही. रोज संध्याकाळी वापरलेली फडकी साबणात उकळून उन्हात वाळत टाका. घासणी मोरीतल्या पाण्यात पडू देऊ नका. वापरून झाली की पिळून उभी ठेवा, आणि वास येऊ लागला की टाकून द्या.

३. पाणी आणि बाजार

पिण्याच्या पाण्याची खात्री नसेल तर खळखळून उकळी आल्यावर मिनिटभर उकळू द्या आणि झाकून गार करा. माठात ओगराळं वापरा, पेला बुडवू नका. इमारतीची टाकी शेवटची कधी धुतली ते सोसायटीत विचारा. विशेषतः पावसाळ्याच्या सुरुवातीला.

बाजारात क्रम महत्त्वाचा. आधी किराणा, मग भाजी, दूध-पनीर, आणि सगळ्यात शेवटी मांस-मासळी. ती वेगळ्या पिशवीत, शक्यतो बर्फासह. फुगलेला किंवा कडेला दबलेला डबा, गळकी दुधाची पिशवी, तडा गेलेलं अंडं घेऊ नका. अंडी धुऊन साठवू नका. धुतल्याने कवचावरचं संरक्षक आवरण जातं. मळलेलं असेल तर फोडण्याआधी तेवढंच धुवा.

कच्ची खायची भाजी, म्हणजे काकडी, टोमॅटो, कोथिंबीर, मुळा, आधी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. पालेभाजी माती खाली बसेपर्यंत दोन-तीनदा पाणी बदलून धुवा आणि दर वेळी भाजी वर उचलून घ्या. पाणी भाजीसकट चाळणीत ओतलं तर खाली बसलेली माती पुन्हा तिच्यावरच येते. पावसाळ्यात कोशिंबिरीची भाजी निर्जंतुक करायची असेल तर १ लिटर पाण्यात १ मिलिलिटर हायपोक्लोराइट, ५ मिनिटं, मग पिण्याच्या पाण्याने स्वच्छ धुणं. मिठाच्या पाण्यात बुडवल्याने अळ्या निघतात, जंतू मरत नाहीत.

४. कच्चं इकडे, शिजलेलं तिकडे

कच्ची कोंबडी नळाखाली धुऊ नका. मांसावरचे जंतू पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर ओट्यावर, शेजारी वाळत ठेवलेल्या ताटांवर आणि तुमच्या बाह्यांवर उडतात. आपल्याकडे दुकानातून आणलेलं चिकन न धुता शिजवणं कोणाला पटत नाही, हे खरं. तसं असेल तर निदान पातेल्यात पाणी घेऊन त्यात तुकडे हलक्या हाताने फिरवा, पाणी मोरीत अलगद सोडा, आणि नंतर मोरी, नळाची तोटी व आजूबाजूचा ओटा साबणाने धुऊन काढा. त्या वेळी शेजारी कोथिंबीर चिरून ठेवलेली नसावी.

बोर्ड-सुरीसाठी: आधी साबण आणि गरम पाणी, मग १ लिटर पाण्यात ४ मिलिलिटर हायपोक्लोराइट घालून ते २ मिनिटं पसरून ठेवा, धुवा, उभं करून वाळवा. साबणाने न धुता नुसतं हे पाणी टाकलं तर चिकटपणाखाली ते पोचतच नाही. हायपोक्लोराइटमध्ये व्हिनेगर, लिंबू किंवा संडास साफ करायचं ॲसिड कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बोर्ड लाकडी की प्लॅस्टिकचा याला फार महत्त्व नाही. सुरीच्या खोल चिरा पडलेला बोर्ड मात्र कुठलाही असो, बदला.

दही-मसाला लावून मुरवत ठेवलेलं चिकन फ्रिजमध्येच मुरवा. तो उरलेला मसाला वरून घालायचा असेल तर आधी खळखळून उकळून घ्या. ज्या चिमट्याने कच्चा तुकडा तव्यावर ठेवला त्याच चिमट्याने भाजलेला उचलून ताटात वाढू नका. चिमटा बदलायचं हमखास विसरतं.

गोठवलेलं मांस ओट्यावर ठेवून मऊ होऊ देऊ नका. आत बर्फ असतो तेव्हा बाहेरचा थर कधीच धोक्याच्या पट्ट्यात आलेला असतो. आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. घाई असेल तर घट्ट बांधलेल्या पिशवीत घालून गार पाण्यात बुडवा आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदला.

५. आच पुरेशी लागली का

कोंबडीच्या सगळ्यात जाड भागात, हाडाला न टेकवता, थर्मामीटर खुपसा. आत ७५ अंश दिसले की झालं. मटणाच्या रश्शात हा प्रश्न सहसा येत नाही, कारण तो तासभर रटरटतो. धोका असतो तव्यावरच्या खिमा-कबाबात, जाड कटलेटमध्ये आणि वरून करपलेल्या तंदुरी तंगडीत. रंगावर जाऊ नका: मांस पूर्ण शिजूनही हाडाजवळ गुलाबी दिसू शकतं आणि कच्चं असूनही पांढरं पडू शकतं. अंड्याचा पिवळा भाग घट्ट व्हायला हवा, निदान मुलं, गरोदर बायका आणि म्हातारी माणसं खाणार असतील तेव्हा तरी.

मोड आलेली मटकी-मूग कच्ची पौष्टिक म्हणून खाण्याची पद्धत आहे. पण ज्या ऊबदार ओलाव्यात मोड येतात, त्यातच साल्मोनेला आणि ई. कोलाय हे पोट बिघडवणारे जीवाणूसुद्धा वाढतात, आणि ते धुऊन निघत नाहीत. मोड येताना रोज धुवा, हवे तेवढे लांब झाले की लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि उसळ करूनच खा. निदान वाफ तरी काढा.

६. शिजल्यानंतरचे दोन तास

उकळीला जीवाणू मरतात, पण काही जीवाणूंचे बीजाणू मरत नाहीत. बीजाणू म्हणजे जीवाणूचं कवचबंद, झोपलेलं रूप. तांदळात बॅसिलस सेरेयसचे बीजाणू नेहमीच थोडेफार असतात. भात शिजताना ते तगतात, भात कोमट झाला की जागे होतात, वाढतात, आणि त्यातले काही एक विष तयार करतात. हे विष फोडणीच्या आचेने काय, प्रेशर कुकरच्या तापमानालाही टिकतं. म्हणून फोडणीचा भात हा आपल्याकडचा लाडका नाश्ता नीट करायचा असेल तर त्याची तयारी सकाळी नाही, आदल्या रात्री होते. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात सकाळी कितीही परतला, वाफाळला, तरी त्यातलं विष जात नाही. वासही येत नाही, चवही बदलत नाही. खाल्ल्यावर अर्ध्या ते सहा तासांत उलट्या सुरू होतात आणि दोष शेंगदाण्यांवर नाहीतर पित्तावर जातो.

दुसरा प्राणी म्हणजे क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स हा जीवाणू. त्याला मोठी, खोल पातेली आवडतात: मटणाचा रस्सा, उसळ, वरण. पातेल्याच्या पोटात हवा कमी आणि ऊब जास्त, त्यामुळे तिथे तो झपाट्याने वाढतो. सत्यनारायणाच्या किंवा बारशाच्या जेवणातलं उरलेलं दुसऱ्या दिवशी खाऊन पोटात कळा येतात, त्यामागे बरेचदा हाच असतो.

नियम असा: शिजलेलं अन्न २ तासांत ६० वरून २१ अंशांवर आणि पुढच्या ४ तासांत ५ वर आलं पाहिजे. आता मे महिन्यातला नागपूरचा किंवा परभणीचा ओटा डोळ्यांसमोर आणा. खोलीचंच तापमान ३५ च्या वर. तिथे पातेलं आपोआप २१ वर येणारच नाही, रात्रभर ठेवलं तरी. ‘गार होऊ दे, मग ठेवू’ हा सल्ला थंड हवेच्या गावात कसाबसा चालेल. उन्हाळ्यात तो सरळ चुकीचा आहे. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर २ तासांची मुदत १ तासावर आणा.

गार करण्याची रीत:

वरण, आमटी, रस्सा: मोठ्या परातीत किंवा मोरी बंद करून तिच्यात गार पाणी भरा आणि बर्फ टाका. अर्धा लिटरच्या दोन-तीन पाण्याच्या बाटल्या फ्रीझरमध्ये कायम गोठवून ठेवल्या तर बर्फाची धावपळ होत नाही. त्या परातीतल्या पाण्यात टाकायच्या, आमटीत नाही. पातेलं त्या पाण्यात बसवा. पाण्याची पातळी आतल्या आमटीइतकी हवी, पातेल्याच्या तळाला नुसतं ओलं करून उपयोग नाही. दर पाच मिनिटांनी स्वच्छ डावाने तळापासून ढवळा. न ढवळल्यास कडेची आमटी गार आणि मधली गरम, असं होतं. बाहेरचं पाणी कोमट लागलं की बदला. दोन-तीन लिटर आमटी अशी साधारण अर्ध्या तासात हाताला गार लागू लागते, पण हातावर विसंबू नका, थर्मामीटर बुडवा. मग उथळ डब्यांत ओतून फ्रिजमध्ये.

भात: परातीत दोन बोटं जाडीचा थर पसरा, वर जाळी झाका, पंख्याखाली १५-२० मिनिटं ठेवा, मग डब्यात भरून फ्रिजमध्ये. कुकरमध्ये तसाच झाकून ठेवू नका. ‘झाकण उघडलंच नाही, मग जंतू कुठून येणार?’ असं अनेकांना वाटतं. कुकर गार होताना बाहेरची हवा आत ओढतो, आणि त्याच्या जाड भिंती भाताला तासन्‌तास कोमट ठेवतात. जंतूंना याहून सोयीची जागा मिळणं कठीण.

जेवण उशिरा होणार असेल तर दोनच मार्ग: ६० च्या वर गरम ठेवा किंवा गार करून फ्रिजमध्ये टाका. मधल्या मध्ये गॅस बारीक करून ‘कोमट’ ठेवणं सगळ्यात वाईट.

७. फ्रिज

फ्रिजच्या आतल्या गोल बटणावरचे १ ते ७ आकडे म्हणजे तापमान नव्हे. ते गारव्याचा जोर दाखवतात; बहुतेक फ्रिजांत ७ म्हणजे सगळ्यात थंड. ‘५ वर ठेवलाय, म्हणजे ५ अंश’ ही गैरसमजूत फार पसरलेली आहे. मधल्या कप्प्यात पाण्याने भरलेला ग्लास ठेवा, त्यात थर्मामीटर बुडवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडल्या उघडल्या वाचा. ४ च्या आसपास हवं. फ्रीझर उणे १८.

वर शिजलेलं, खाली कच्चं. मांस-मासळी सगळ्यात खाली, खोलगट भांड्यात, म्हणजे पाणी गळलं तरी कोणाच्या भाजीत पडणार नाही. दार हा फ्रिजचा सगळ्यात ऊबदार भाग. तिथे सॉस, लोणची, पाण्याच्या बाटल्या. दूध आत. फ्रिज गच्च भरला की हवा फिरत नाही आणि मागचं गोठतं, पुढचं कोमट राहतं.

‘गरम काही ठेवलं तर फ्रिज बिघडतो’ यातलं अर्धं खरं आहे. वाफाळतं पाच लिटरचं पातेलं ठेवलं तर शेजारचं दूध तापेल. पण परातीत गार केलेला, कोमटसर उथळ डबा ठेवायला काही हरकत नाही. पूर्ण गार होण्याची वाट पाहण्यातच वेळ जातो.

शिजलेला भात २४ तासांत संपवा. भाजी, आमटी, रस्सा ३ दिवस. कच्चं चिकन, मासे १-२ दिवस. डब्यावर ‘बुध रात्री ९’ असं लिहून चिकटपट्टी लावा. घरात तीन माणसं फ्रिज उघडत असतील तर आठवणीवर काही चालत नाही.

वीज गेली तर दार उघडू नका. बंद फ्रिज साधारण ४ तास गार राहतो, गच्च भरलेला फ्रीझर ४८ तास, अर्धा भरलेला २४. ग्रामीण भागात रोज लांब भारनियमन असेल तर उरेल इतकं शिजवू नका. तिथे हाच खरा उपाय.

८. पुन्हा गरम करणं

एकदाच, आणि लागेल तेवढंच. मध्यभागी ७५ अंश यायला हवेत. रस्सा असेल तर सगळीकडून बुडबुडे यावेत. मायक्रोवेव्हमध्ये कडा उकळतात आणि मध्य थंड राहतो, म्हणून अर्ध्या वेळात काढून ढवळा आणि संपल्यावर दोन मिनिटं तसंच झाकून ठेवा. ताजी भाजी शिळ्या भाजीत मिसळू नका. मिसळलीत तर सगळीच शिळी धरा.

९. डब्याचा प्रश्न

सकाळी सातला भरलेला डबा दुपारी एकला उघडला जातो. सहा तास. वरचे नियम अक्षरशः पाळायचे तर डबा नेताच येणार नाही, पण पोळीभाजीचे डबे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. कारण पोळी आणि कोरडी परतलेली भाजी यांत पाणी कमी असतं. म्हणून निवड नीट करा.

साध्या स्टीलच्या डब्यात: पोळी, भाकरी, थालीपीठ, बटाट्याची काचऱ्या-भाजी, भेंडी, गवार, सुकी शेंगदाण्याची किंवा लसणाची चटणी. पोळ्या गरम असताना झाकण लावू नका; आत वाफेचं पाणी सुटतं आणि ओलावा वाढतो.

साध्या डब्यात नकोत: भात, रस्सा, पनीर, अंडी, चिकन, ओल्या नारळाची चटणी, मेयोनेजचं सँडविच. हे न्यायचंच असेल तर थर्मासचा डबा घ्या, त्यात उकळतं पाणी ५ मिनिटं भरून ठेवा, ओतून टाका आणि लगेच उकळतं अन्न काठोकाठ भरा. एकदा दुपारपर्यंत न खाता तापमान मोजून पाहा. ६० च्या खाली आलेलं असेल तर तो थर्मास या कामाचा नाही. गार न्यायचं असेल तर बर्फाची पिशवी आणि इन्सुलेटेड बॅग.

पोळ्या किंवा वडे वर्तमानपत्रात गुंडाळू नका; शाई अन्नात उतरते, आणि अन्नाला वर्तमानपत्र वापरायला कायद्याने बंदी आहे.

१०. आच जिथे कामाची नाही

काही धोके शिजवून जात नाहीत. ते विकत घेतानाच टाळायचे.

भगर: महाशिवरात्र, एकादशी, नवरात्र या दिवसांत भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रातून, विशेषतः मराठवाड्यातून, वारंवार येतात. दमट जागी साठवलेल्या भगरीवर बुरशी धरते आणि तिचं विष भाकरी भाजली तरी राहतं. सुटं, उघडं भगरीचं पीठ घेऊ नका. पाकीटबंद भगर तारीख पाहून घ्या, निवडा, धुवा, वाळवा आणि लागेल तेवढीच घरी दळा. मागच्या उपासाचं उरलेलं पीठ या उपासाला नको.

बांगडा, तारली, कुपा: हे मासे उन्हात किंवा बर्फाशिवाय पडून राहिले की त्यांच्यात हिस्टामिन हे ॲलर्जीसारखी लक्षणं आणणारं रसायन साचतं. तळून, कालवण करून, गोठवून ते जात नाही. खाल्ल्यावर तासा-दोन तासांत चेहरा लाल होतो, खाज सुटते, डोकं ठणकतं, आणि माणसाला वाटतं की आपल्याला मासळीची ॲलर्जी आहे. जिभेला तिखटसर चुरचुर लागली तर घास तिथेच थांबवा. बाजारात डोळे, कल्ले बघताच; मासा बर्फात आहे की नुसता पाणी शिंपडून ठेवलाय, तेही बघा.

हिरवा पडलेला बटाटा टाका. थोडासाच हिरवा असेल तर जाड साल आणि मोड खोलवर काढा. बुरशीचा वास असलेले, काळपट, कडू शेंगदाणे कूट करताना निवडून टाका, कारण अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष भाजून जात नाही. राजमा याला अपवाद, तो आचेने सुरक्षित होतो, पण आच जोरदार हवी: निदान ५ तास भिजवा, ते पाणी ओता, नव्या पाण्यात अर्धा तास खळखळ उकळा किंवा कुकरमध्ये पूर्ण मऊ करा. अर्धकच्च्या राजम्याने दोन-तीन तासांत उलट्या होतात. एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नका. बोट्युलिझम ही स्नायू लुळे पाडणारी विषबाधा करणाऱ्या जीवाणूचे बीजाणू त्यात असू शकतात, आणि बाळाचं आतडं त्यांना रोखू शकत नाही. ताजा लसूण तेलात बुडवून बाहेर ठेवायची टूम आली आहे, तिथेही हाच जीवाणू. फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवड्याच्या आत संपवा.

११. घरून विकणार असाल तर

शेजारच्या चार मुलांना डबा दिला तरी तो कायद्याने अन्नव्यवसाय ठरतो. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा, आणि महाराष्ट्रात अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासनाकडे. लहान व्यवसायाला परवाना नाही, साधी नोंदणी लागते. २०११ च्या नियमांनी त्यासाठी वर्षाला १२ लाख रुपये उलाढालीची मर्यादा आणि वर्षाला १०० रुपये शुल्क ठेवलं. दोन्हींत बदल होत असतात, म्हणून अर्जाच्या दिवशी केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या (एफएसएसएआय) फॉसकॉस या नोंदणीच्या पोर्टलवर पाहून घ्या.

हाताशी ठेवा: पासपोर्ट आकाराचा फोटो, सरकारी ओळखपत्र, ओळखपत्रावरचा पत्ता वेगळा असेल तर जागेचा पुरावा, मोबाइल आणि ईमेल. अर्ज ‘फॉर्म ए’. नोंदणी झाली की १४ आकडी क्रमांक मिळतो. तो बिलावर छापायचा.

सापळा इथे आहे: शोध घेतल्यावर वर दिसणारी काही संकेतस्थळं सरकारी वाटतात, पण ती दलालांची असतात आणि शंभराच्या कामाला हजारांत पैसे घेतात. पत्त्यात ‘डॉट गव्ह डॉट इन’ आहे का ते पाहिल्याशिवाय पैसे भरू नका.

एफएसएसएआयचं फॉस्टॅक हे प्रशिक्षण घ्यावं. कागदासाठी नव्हे, तिथे समोरासमोर प्रश्न विचारता येतात म्हणून. आणि विकणाऱ्याने रोज एक वही ठेवावी: पदार्थ, शिजल्याची वेळ, गार झाल्याची वेळ, फ्रिजचं तापमान. तक्रार आली तर हीच वही कामाला येते. तळणीचं तेल धूर लवकर देऊ लागलं, फेसाळलं, चिकट झालं की टाका. नियमाने त्यातले पोलर घटक (तेल पुन्हा पुन्हा तापल्यावर त्यात साचणारे खराब घटक) २५ टक्क्यांवर गेलेलं तेल वापरता येत नाही.

१२. तरीही पोट बिघडलं तर

ओआरएसचं पाकीट, त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात पूर्ण रिकामं करा; अर्धं पाकीट अर्ध्या अंदाजाने नको. मोठं पाकीट १ लिटरचं असतं, लहान २०० मिलिलिटरचं, आणि गोंधळ इथेच होतो. घोट घोट, दर काही मिनिटांनी. जुलाब थांबवायच्या गोळ्या स्वतःहून घेऊ नका, ताप किंवा शौचात रक्त असेल तर मुळीच नाही.

रक्त, ३९ अंशांवर ताप, पाणीही न टिकणं, ६-८ तास लघवी न होणं, ग्लानी, अंधूक किंवा दोन-दोन दिसणं, यातलं काहीही असेल तर थेट डॉक्टर. बाळ, गरोदर बाई, म्हातारं माणूस असेल तर ही लक्षणं दिसेपर्यंत थांबूच नका. उरलेलं अन्न फेकू नका. झाकण लावून, ‘खाऊ नये’ असं लिहून फ्रिजमध्ये ठेवा. एका जेवणातून अनेक जण आजारी पडले तर ते तपासणीला लागतं.

आजारी पडलेल्याने उलटी-जुलाब थांबल्यापासून ४८ तास दुसऱ्यांसाठी स्वयंपाक करायचा नाही. डबे देत असाल तर ते दोन दिवस बंद ठेवा.